तळपदेबाईंचा शुक्रवारचा तास

आमच्या शाळेत दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. ज्याने ते बसवलं त्याने जन्मात कधी गणित शिकवलेलं नसावं. इकडे मी फळ्यावर समीकरण मांडतोय आणि पलीकडे सगळा वर्ग मोठ्याने नद्यांची नावं म्हणतोय, असा आमचा संसार. त्या आवाजांना मी सरावलो होतो. पण सत्तावन्न सालच्या जूनपासून दर शुक्रवारी शेवटच्या तासाला पलीकडून जे ऐकू यायला लागलं, त्याने माझं डोकंच उठलं. आधी टाळ्या, मग भाषण, मग पुन्हा टाळ्या, आणि शेवटी एका बाईंचा चिडलेला आवाज, "अरे, पण का? का ते सांगा ना!"

त्या बाई म्हणजे उर्मिला तळपदे. इतिहास-भूगोल शिकवायच्या. अंगाने लहानखुऱ्या, चालणं झपझप, बोलणं त्याहून झपझप, आणि राग आला की हातातला खडू मोडायच्या. राहायच्या गिरगावात, खोताच्या वाडीत. घराणं पाठारे प्रभूंचं, मुंबईतलं जुनं. आजोबा सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क, वडील कोर्टात भाषांतरकार. अशा घरातली बाई रोज ट्राम पकडून परळला, गिरणी कामगारांच्या पोरांना शिकवायला का येते, हे आमच्या शिक्षकांच्या खोलीतलं एक कोडं होतं. गिरगावात शाळा कमी होत्या का? मी एकदा विचारलंसुद्धा. "तिथल्या मुलांच्या घरी बोलणारे पुष्कळ आहेत," म्हणाल्या. मला ते उत्तर काही कळलं नाही.

कळलं ते त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा. त्यांच्या घरी एक नियम होता. जेवताना पानातल्या पदार्थाला कोणी नुसतं 'छान' म्हणायचं नाही. म्हटलं तर का छान ते सांगायचं, आणि सांगितलं की दुसऱ्या कोणीतरी ते खोडून काढायचं. पापलेटाचं भुजणं वाढलं होतं. मी पहिल्याच घासाला "वा, छान झालंय" म्हणालो. त्यांचे वडील, वय झालेलं, चष्मा नाकावर, माझ्याकडे बघून म्हणाले, "का?" आता मी दिघे, कायस्थाच्या घरातला. मासळीवर तासभर बोलेन. पण भरल्या पानावर असा 'का' मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी बावचळलो. त्यांचा भाऊ अच्युत म्हणाला की लसूण जास्त झालीय. बाई म्हणाल्या की लसूण बरोबर आहे, कोथिंबीर कमी आहे. म्हातारा दोघांनाही पुरावा मागत होता. सगळे भांडत होते आणि सगळे पोटभर जेवत होते. बाईंना वाटायचं, जगातल्या सगळ्या घरांत असंच जेवतात.

त्यात त्यांनी शिक्षकांची बी. टी. ही पदवी घेतली, आणि तिथल्या कोणा प्राध्यापकाने त्यांच्या डोक्यात भरवून दिलं की मुलांना विचार करायला शिकवायचं तर त्यांना वर्गात बोलू द्या. झालं. बाईंनी आमच्या मुख्याध्यापकांच्या, बाबुराव सामंतांच्या, मागे लकडा लावून नववी ब साठी आठवड्यातला एक तास चर्चेचा करून घेतला. बाबुरावांनी तो गणितातून कापला. माझ्या गणितातून! मी तेव्हाच बाईंना म्हटलं, "ही मुलं बोलून काय दिवे लावणार? तुम्ही पालथ्या घड्यावर पाणी ओतताय."

"घडा पालथा आहे की नाही ते बघू तरी," त्या म्हणाल्या.

पहिल्या शुक्रवारी विषय होता, गृहपाठ असावा की नसावा. पार्टिशनपलीकडून मी ऐकत होतो. बाईंनी विषय सांगितला मात्र, लालबागचा शिवा पेडणेकर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आजच्या सभेचं अध्यक्षस्थान बाळा सावंत यांनी स्वीकारावं असं मी सुचवतो." मागून कोणीतरी ओरडलं, "अनुमोदन!" टाळ्या. बाळा सावंत बाईंच्या खुर्चीत जाऊन बसला. मग भाषणं. 'बंधू आणि भगिनींनो' पासून सुरुवात, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, की गृहपाठ नको. शेवटी बाळाने ठराव वाचला, 'एकमताने मंजूर' म्हणून जाहीर केलं, आणि शिवाने आभार मानले. बाई सबंध वेळ कोपऱ्यात उभ्या होत्या.

दोष कुणाचा म्हणावा? ते दिवसच तसे होते. कामगार मैदानावर, नरे पार्कात, शिवाजी पार्कावर, रोज कुठे ना कुठे संयुक्त महाराष्ट्राची सभा. ही पोरं बापाबरोबर सभांना गेलेली. चार माणसं एकत्र येऊन बोलतात ती सभाच, आणि सभा म्हटली की अध्यक्ष, ठराव, टाळ्या. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने माणसं बोलतात हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"पण गृहपाठ असावा असं कोणालाच वाटत नाही?" बाईंनी विचारलं. "एकालाही?"

शिवा म्हणाला, "बाई, सभेत विरोध कोण करता? जो फुटीर असता तोच."

फुटीर. हा शब्द परळ-लालबागमध्ये हसण्यावारी न्यायचा नव्हता. संपात सगळे बाहेर असताना जो गिरणीत पाऊल टाकतो तो फुटीर. त्याच्या घराशी चाळ बोलत नाही, नळावर त्याच्या बायकोला वाट मिळत नाही. आणि त्याच वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर, शेवंती बसत होती. मागच्या मोठ्या संपात तिची आई आजारी पडली आणि बाप घाबरून कामावर गेला. त्याला वर्षं लोटली होती, आई बरीही झाली होती, पण चाळ विसरली नव्हती. शिवाने तो शब्द उच्चारला तेव्हा सगळ्या वर्गाने वळून तिच्याकडे पाहिलं. हे मला बाईंनी मागाहून सांगितलं. सांगताना त्यांनी खडू मोडला.

पुढचे महिने बाई आणि नववी ब यांचं जे चाललं त्याला मी झटापटच म्हणेन. बाईंनी अध्यक्ष बंद केला. मुलं गप्प बसली. अध्यक्षाने नाव पुकारल्याशिवाय उठायचं कसं? बाईंनी विरुद्ध बाजूने बोलायला माणसं नेमली. मुलांना वाटलं, नाटक आहे. नेमलेल्यांनी खलपुरुषासारखं हसत भाषणं ठोकली आणि शेवटी मतं मागितली तेव्हा स्वतःच्याच विरुद्ध हात वर केले. एकदा तर बाईंनी वैतागून स्वतःच बाजू घेतली. गृहपाठ हवा, म्हणाल्या, आणि चांगली दोन-तीन कारणं दिली. वर्ग म्हणाला, "हवा, बाई!" तासाच्या मध्यावर त्यांनी अचानक बाजू फिरवली. गृहपाठ मुळीच नको. वर्ग म्हणाला, "नको, बाई!" तेवढ्याच आनंदाने.

त्या दिवशी त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या त्या थेट खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. डोळे भरले होते, पण ते रडू नव्हतं, संताप होता.

"मला वीट आलाय, दिघे," त्या म्हणाल्या. "मी यांना विचारलं, मुंबई महाराष्ट्राची का? तर मुलं म्हणाली, आपली आहे म्हणून! आणि टाळ्या. अहो, हे उत्तर मलाही आवडतं. मी मोर्चात चालले आहे. पण हे उत्तर नाही हो. उद्या कोणी समोर बसवून कारणं विचारली तर ही पोरं काय टाळ्या वाजवणार आहेत?"

"तुम्हाला नक्की हवंय तरी काय?" मी विचारलं.

"एक मुलगा. एक मुलगी. वर्षभरात एकदा तरी कोणीतरी आपल्या मनाने उभं राहून म्हणावं, मला हे पटत नाही. मग मी हा तास तुम्हाला परत करीन."

मी हसलो. नववी ब मधून असं कोणी उठेल यापेक्षा गिरणीचा भोंगा गाणं म्हणेल हे मला जास्त शक्य वाटत होतं.

दिवाळीनंतर बाबुरावांनी कुरकुर सुरू केली. वरच्या वर्गांचा निकाल लागायला हवा, गणितात मुलं कच्ची आहेत, आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला टाळ्या ऐकून रस्त्यावरची माणसं आत डोकावतात. हे गणिताचं त्यांच्या कानात मीच घातलं असं बाईंना वाटायचं. मी घातलं नव्हतं. बाबुरावांना माझ्या मदतीची गरज नव्हती. शेवटी ठरलं ते असं, की संस्थेचे चिटणीस अण्णा नाबर जानेवारीत येऊन तास पाहतील. त्यांना पटलं तर तास राहील आणि पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांना मिळेल. नाही पटलं तर बंद. विषयही अण्णांनीच दिला, हरताळाच्या दिवशी शाळा चालू ठेवावी का.

बाईंनी मुलांना हे सरळ सांगून टाकलं. मी म्हटलं, कशाला सांगितलंत? तर म्हणे, त्यांचाच तास आहे, त्यांना कळायला नको? कपाळ माझं.

कारण मुलांचा बाईंवर भारी जीव. आपल्यामुळे बाईंचा तास जाणार, हे त्यांना सहन होईना. बाईंना काय हवंय हे तर जूनपासून ऐकून पाठ झालं होतं. मतभेद हवा. मग रविवारी शिवाच्या चाळीच्या गच्चीत नववी ब ची सभा भरली, हे मला मागाहून कळलं. रीतसर अध्यक्ष निवडला गेला, ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं, आणि एकमताने मंजूर झालं की शुक्रवारी वर्गात कडाक्याचे मतभेद होतील. कोणी कधी उठायचं, कोणी कोणाला मध्येच तोडायचं, सगळं ठरलं. आता शाळा चालू ठेवा असं म्हणणारी बाजू कोणाला द्यायची? ती बाजू घ्यायला कोणी धजेना. मग नाव आलं शेवंतीचं. तीही सभेला आली होती, कठड्याशी उभी होती. तिला विचारायची गरज कोणाला वाटली नाही. फुटीराची पोर, तीच बोलू दे. हेही एकमतानेच.

शुक्रवारी मी माझ्या वर्गाला गणितं सोडवायला देऊन पार्टिशनला पाठ लावून उभा राहिलो. काय सांगू, पहिली पंधरा-वीस मिनिटं मी चाट पडलो. बाळा सावंत म्हणाला शाळा बंद ठेवावी. कोणीतरी त्याला अडवलं, "याला पुरावा काय?" दुसऱ्याने तिसऱ्याचं म्हणणं खोडलं. ना अध्यक्ष, ना ठराव. बाईंचा आवाज तर ओळखू येईना, इतका हलका झाला होता. "हं, बोल. आणखी कोण?" म्हणत होत्या. अण्णा नाबरांचं "उत्तम, उत्तम" मला दोनदा ऐकू आलं. माझा तास गेला तो कायमचा गेला, असं मी मनाशी म्हटलं. आणि खरं सांगतो, मला बरंही वाटलं.

मग शेवंतीची पाळी आली. तिचा आवाज मी त्या वर्गात कधी ऐकला नव्हता.

ती म्हणाली, "मला असं बोलायला सांगितलंय की हरताळाला शाळा चालू ठेवावी. पण मला तसं वाटत नाही. मला वाटतं बंदच ठेवावी. कामावर माझे बाबा गेले होते, मी नाही गेले. मला काय वाटतं ते कोणी विचारलंच नाही. हे सगळं रविवारी गच्चीत ठरलं. मला ते पटलेलं नाही."

माझ्या वर्गातली पोरंही गणित सोडून ऐकत राहिली.

"काय हो बाई, खरं आहे हे?" अण्णांचा आवाज आला. "सगळं आधी बसवलेलं?"

इथे बाई एक वाक्य बोलल्या असत्या तर तास वाचला असता. मुलांनी तयारी केली, तयारीत गैर काय, एवढं पुरलं असतं. अण्णा खूश होते, त्यांना निमित्तच हवं होतं. पण ही खोताच्या वाडीतली भाषांतरकाराची मुलगी, जिथे भुजण्यालासुद्धा पुरावा लागतो.

"मला ठाऊक नव्हतं. पण ती म्हणतेय तर खरंच असणार," बाई म्हणाल्या. "तेव्हा आधीचं सोडा, साहेब. चर्चा आत्ता सुरू झालीय. थोडं थांबता का?"

अण्णा थांबले नाहीत. आपल्याला मूर्ख बनवलं असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटलेला माणूस थांबत नसतो. सोमवारी बाबुरावांनी वेळापत्रकावर खाडाखोड केली. शुक्रवारचा शेवटचा तास पुन्हा गणिताला मिळाला.

मी बाईंवर भडकलो होतो. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर चेहरा असा की काहीतरी मिळालंय. "मिळालंच की," त्या म्हणाल्या. "एक मुलगी उठली."

"आणि आता ती कुठे बसते ते पाहिलंत का?"

ते त्यांनी पाहिलं होतं. शेवंतीच्या बाकावर आता दुसरं कोणी बसत नव्हतं. आधी बापामुळे फुटीर होती, आता स्वतःच्या कर्तृत्वाने झाली. बाईंचा तास हिच्यामुळे गेला, असं वर्गाचं मत होतं. अर्थात एकमताने. बाईंनी मुलांना समजावलं, रागावून पाहिलं. मुलांनी "हो बाई" म्हटलं आणि बाक रिकामाच राहिला. त्या एका 'मला पटलेलं नाही' पायी ती पोर एकटी पडली, आणि तिला तसं बोलायला शिकवणाऱ्या बाई काहीही करू शकत नव्हत्या. त्या दिवसांत त्यांनी किती खडू मोडले देव जाणे.

पुढच्या शुक्रवारी मी नववी ब वर गेलो. फळाभर समीकरण सोडवलं, आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "समजलं?" "हो सर," सगळे एका सुरात. हे 'हो सर' मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा खुपलं. मी सगळं पुसलं आणि दुसरं उदाहरण घेतलं. एका ओळीत कंसाबाहेर वजा होतं. कंस सोडताना आतली चिन्हं बदलायला हवीत हे सातवीतला मुलगा सांगेल. मी मुद्दाम बदलली नाहीत. चुकीचं उत्तर काढलं, खाली दोन रेघा ओढल्या.

"बरोबर?"

"हो सर!"

मी शेवंतीकडे पाहिलं. तिची नजर बरोबर त्याच ओळीवर अडकली होती. हात मात्र बाकावर होता. तिने तो वर केला नाही. ती शहाणी झाली होती. मला भयंकर राग आला, नक्की कुणाचा ते आजही सांगता येणार नाही.

"यात चूक आहे," मी म्हटलं. "कुठे, ते सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग शिवा पेडणेकर उठला, डोकं खाजवत, माझ्याकडे न बघता.

"तिका विचारा, सर," तो म्हणाला. "ती खरां काय तां सांगता."

सगळा वर्ग शेवंतीकडे वळला. तसाच, जूनमध्ये वळला होता तसा. शेवंती उठली. आता ती ओळ दाखवील आणि सगळे पुन्हा 'हो' म्हणतील, असं मला वाटलं.

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "फळा सगळ्यांच्याच समोर आहे. बघा ना." आणि ती खाली बसली.

वर्ग चिडला. बाळा सावंत काहीतरी पुटपुटला. पण मग मुलं खरंच फळ्याकडे बघायला लागली, ओठ हलवत, बोटांनी हवेत चिन्हं काढत. शिवा म्हणाला तिसरी ओळ चुकली. बाळा म्हणाला, छट, तिसरी बरोबर आहे, चौथी बघ. शिवा म्हणाला, का? बाळाने तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि दोघांनाही वेड्यात काढलं. कोणी अध्यक्ष निवडला नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिवा भांडत भांडत जागा सोडून पुढे आला आणि फळा नीट दिसावा म्हणून शेवंतीच्या बाकावर टेकला. टेकलाय हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

मला वाटलं, पळत जावं आणि बाईंना ओढून आणावं. पण पार्टिशनपलीकडे दुसऱ्या वर्गावर त्यांचा भूगोलाचा तास चालू होता. नैर्ऋत्य मोसमी वारे कोठून वाहतात, असं त्यांनी विचारलं, आणि साठ मुलांनी एका आवाजात उत्तर दिलं.